तुझं मी देऊन टाकलं

खापरवाडी
१६ जानेवारी २०२५

चंदास,

तुझ्या अक्काकडून पोटभर आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पाकिटं घ्यायला जवळा बाजारच्या पोस्टात गेले, तर तिथला माणूस, गावच्या आशा कार्यकर्तीला सगळे मारतात तशी हाक मारून, म्हणाला, "आशाताई, आता कोन पत्र लिहून राहिलं?" म्हटलं, ज्यांचे फोन कोणी उचलत नाही ते लिहितात. तो हसला, मी नाही हसले. तुझी आरोही तुला वाचून दाखवेल. आरोही, सावकाश वाच गं, शाळेतल्या धड्यासारखं धडाधड नको.

परवा संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. तुझं वाण मी मागून घेतलं. तू या घरात जाऊ होऊन आलीस तेव्हापासून, म्हणजे सतरा वर्षं, हेच चाललं आहे. दिवाळी झाली की तू शिवहारभावजींबरोबर मेंढरांमागे जातेस, संक्रांतीला नसतेस. मग तुझ्या नावाचं कुंकू मी माझ्याच कपाळाला दुसऱ्यांदा लावून घेते आणि तुझं वाण पदरात बांधून आणते. यंदा तू मेंढरांमागे नाहीस, माहेरी खाटेवर आहेस, तरी सवयीनं हात पुढे झाला. प्लास्टिकची डबी आहे, झाकण ढिलं आहे. तुझ्या फळीवर ठेवली.

भावजींची मेंढरं सध्या औंढ्याच्या अलीकडे एकाच्या रानात बसवली आहेत. तुझी कानी मेंढी गाभण आहे. सासूबाई रोज विचारतात, "चंदी न सांगता काहून गेली?" मी सांगते, माहेरची हवा मानवते तिला. त्या माझ्याकडे बघतात आणि तंबाखू मळायला लागतात.

मीही तेच विचारते. मी लसीकरणाला गेले होते, परत आले तर खाट उचललेली. तुझा भाऊ जीप घेऊन आला आणि तू निघालीस. मी येईपर्यंत चहाला तरी थांबायचं. तू रागावली आहेस हे मला कळतं. कशावरून ते विचारत नाही.

दवाखान्यातले डॉक्टर बोलतात ते सगळंच मनाला लावून घ्यायचं नसतं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात, पण रेडिएशनचे शेक घेऊन बऱ्या झालेल्या बाया मी पाहिल्या आहेत. तुझे उरलेले शेक घेतले की अंगात ताकद येईल. गोळी उपाशीपोटी घेऊ नको. दिवसातून किती कपडे बदलावे लागतात ते आरोहीला लिहायला सांग, लाजू नको.

एक राहिलं. मी दिलेली शाल तुझ्या खुंटीवरच आहे. विसरलीस का मुद्दाम ठेवलीस?

तुझी अक्का


३१ जानेवारी २०२५

चंदा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी लिहीत राहते. मला बोलायला लागतं हे तुला माहीतच आहे.

मंगळवारी अंजली मॅडम आल्या होत्या. त्याच, दोन वर्षांपूर्वी कॅन्सरच्या तपासणीचं काम घेऊन पुण्याहून आलेल्या, आपल्या ओसरीवर बसून तुझ्या हातची ज्वारीची भाकर खाल्लेल्या. त्यांचं काम संपलं. शाळेच्या पटांगणात मांडव घालून त्यांनी निकाल सांगितला. तपासणीच्या दिवशी तू इथं नव्हतीस, म्हणून तुला नीट सांगते.

त्यांनी गावांचे तीन भाग केले होते. एका भागात नर्स बाईला टेबलावर झोपवते, पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पाणी लावते आणि मिनिटभर थांबते. पांढरा डाग उठला तर पुढं पाठवते. दुसऱ्या भागात तिथलं पाणी काडीनं पुसून काचेवर घेतात आणि ती काच पुण्याला पाठवतात. तिचं उत्तर महिन्यानं येतं, तोवर निम्म्या बाया कुठल्या कुठं गेलेल्या असतात. तिसरा भाग आपला, ब्रशवाला. बाईनं दाराआड जायचं, ब्रश आपल्याच हातानं आत घालायचा, पाच वेळा फिरवायचा आणि नळीत टाकून द्यायचा. कॅन्सर ज्या जंतूपासून होतो तोच त्यांचं मशीन शोधतं, कॅन्सर व्हायच्या कितीतरी वर्षं आधी. कोणी बघत नाही, कोणाला दाखवावं लागत नाही.

मॅडमनी भिंतीवर तक्ता लावला. ब्रश सगळ्यात वर. व्हिनेगर सगळ्यात खाली, कारण ते नर्सच्या नजरेवर चालतं आणि नजर चुकते. आणि ब्रशच्या गावांत आपलं गाव पहिलं. यादीत एकशे त्रेचाळीस बाया, तपासणी एकशे त्रेचाळीस. शंभर टक्के. मॅडम म्हणाल्या, "हे निताताईंचं काम." टाळ्या वाजल्या, मला शाल दिली. आता माझ्याकडे दोन झाल्या.

मी शाल पांघरून खुर्चीवर बसले आणि मला घाम फुटला. सासूबाई खालून मोठ्यांदा म्हणाल्या, "उनात शाल काहून पांघरली गं?" सगळे हसले.

चंदा, त्या एकशे त्रेचाळीसमध्ये अकरा बाया त्या दिवशी गावातच नव्हत्या. मेंढरांमागे होत्या. तूही त्यात होतीस. बाकीच्यांच्या घरच्यांना मी दारात उभी राहून सांगितलं, जिची जाऊ, जिची सून बाहेर आहे तिनं तिच्या नावाचंही देऊन टाका. एकीनंही काहून विचारलं नाही. वाण नेतात तसं दिलं. तुझं मी दिलं. एक नळी माझ्या नावाची, एक तुझ्या.

तुला फोन केला होता, आठवतं? म्हटलं, "चंदा, तुझं मी देऊन टाकलं." तू म्हणालीस, "बरं झालं अक्का. तुमी दिलं म्हंजे माझंच झालं." पुढं रिपोर्ट आला, तुझ्या नावासमोर 'दोष नाही.'

तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, की घरातलं एकीनं दिलं की झालं. आपल्यात तशीच रीत आहे.

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

तुझी अक्का


१८ फेब्रुवारी २०२५

चंदा,

आरोहीचं पत्र आलं. वहीच्या पानावर, समास सोडून, सुवाच्य. मला ते पाठ झालं आहे. ती लिहिते:

"आई म्हणून राहिली, मी रागावले न्हाई. फोन मामाजवळ असतो, मामा तुमचा नंबर बघून कट करतो. निघताना अक्काला सांगितलं असतं तर अक्का रडली असती, म्हणून न सांगता निघाले. शाल मुद्दाम ठेवली. ती अक्काच्या मानाची हाय, माझ्या अंगाखाली खराब झाली असती. आई विचारते, त्या दिवशी तुमी माझं दिलं तव्हा तुमचंबी दिलं व्हतं ना? माझं चुकीचं निघालं तर तुमचंबी चुकलं असंल. त्या कागदाच्या भरवशावर राहू नका, अक्का. परत तपासून घ्या."

मी तुझ्या रागाची वाट बघत होते गं. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी रडले असते, पाया पडले असते, भांडलेही असते. तू माझी काळजी करत बसली आहेस. हे मला सोसत नाही, चंदा.

आता ऐक. आरोही, हे सगळं वाच, एक ओळ गाळू नकोस.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मलाही तसंच वाटलं होतं. ते खोटं आहे. आम्हाला दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. तिथं अंजली मॅडमनी मलाच उभं करून वदवून घेतलं होतं, "एकीचा नमुना दुसरीला चालत नाही." मी मोठ्यांदा म्हटलं होतं. तरी केलं. शेजारच्या गावाचं शहाण्णव टक्के झालं होतं आणि मला शंभर पाहिजे होते. एवढंच. दुसरं कुठलंही कारण मला सापडत नाही, आणि मी खूप शोधलं.

तो कागद चुकलेला नाही. तो बरोबर आहे, पण तो माझा आहे. दोन्ही नळ्यांत मीच होते. मला काही झालेलं नाही.

अजून आहे. त्याच वर्षी, महिनाभरानं, तू मेंढरं घेऊन माहेराजवळ होतीस. तुझं माहेर व्हिनेगरवाल्या गावांत होतं. तू रांगेत उभी राहिलीस आणि मला फोन केलास. "अक्का, हितं नर्सबाई बघून राहिल्या. मीबी दाखवू का? आता आलेच हाय तर." मी म्हटलं, "तुझं झालंय. दोन ठिकाणी नाव आलं तर घोटाळा होईल. जा, मेंढरं बघ." तू गेलीस. एकदाही उलटून विचारलं नाहीस. तुझ्यापुढं फक्त दोन बाया होत्या, तूच नंतर सांगितलंस.

त्या तपासणीत नर्स डोळ्यानं बघते. तिथं कोणाला कोणाच्या बदल्यात टेबलावर झोपता येत नाही. मॅडमच्या तक्त्यात ती रीत सगळ्यात खाली आहे. तिनं तुझा डाग बहुतेक पाहिला असता, चंदा, आणि तेव्हा तो डागच असता.

मग उन्हाळा लागला. तू म्हणालीस, भावजींजवळ गेलं की रक्त दिसतं. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. नाही, समजलं होतं. मी तुला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हटलं, रिपोर्ट चांगला आहे, अशक्तपणा असेल. दीड वर्ष तू त्या गोळ्या खाल्ल्यास आणि वाड्यावाड्यांवर सांगत फिरलीस, आमची अक्का घरचीच डॉक्टर हाय.

काल मॅडमना फोन करून सगळं सांगितलं.  त्यांनी फक्त विचारलं, "ताई, अकरा?" मला वाटलं ओरडतील. त्या रडल्या. काम बंद झालं आहे, ब्रश संपले आहेत. उरलेल्या दहाजणींना मंगळवारी उपकेंद्रावर व्हिनेगरच्या तपासणीला न्या म्हणाल्या. आणि म्हणाल्या, मला हे वर कळवावं लागेल, तुमचं नाव येईल. म्हटलं, येऊ द्या.

दहांपैकी पाचजणी मेंढरांमागे आहेत, त्यांचे नवरे फोन लागू देत नाहीत. पाच गावात आहेत, त्यांच्या दारी गेले. कौसाबाईनं पेटीतून कागद काढला. प्लास्टिकमध्ये घातलेला. मीच घालून दिला होता, भिजू नये म्हणून. "हे काय हाय मंग? तुमीच दिलं ना? आता काहून भ्या दाखवून राहिल्या?" मी सांगितलं, हा कागद तुमच्या जावेचा आहे. ती म्हणाली, "जाऊ काय परकी हाय का?" दुसरी म्हणाली, "चंदीचं नशीब, ते आमाला काहून लावता?" तुझा आजार त्यांना दिसतो. तुझ्या आजाराला नशीब म्हणतात आणि माझ्या कागदाला खरं मानतात. मी खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी ऐकलं, आता खरं बोलते तर मला थकवा आला असेल म्हणून साखरेचं पाणी देतात.

तू बोललीस तर ऐकतील. भावाच्या हातापाया पडून फोन घे आणि कौसाबाईला एवढंच सांग, अक्कानं दिलेलं माझं नव्हतं. माफी मागत नाही. मागायला तोंड नाही मला. मला काय म्हणायचं ते म्हण, सगळ्यांदेखत म्हण. पण तेवढं एक वाक्य बोल.

निता


२७ मार्च २०२५

आरोही,

हे पत्र तुझं एकटीचं. तुझ्या आईला जाऊन चोवीस दिवस झाले. तेराव्याला आले तेव्हा तू नळावर भांडी घासत होतीस. मी शेजारी बसले. तू मान वर न करता म्हणालीस, "मोठी माय, ते तिसरं पत्र मी आईला वाचून दाखवलं न्हाई."

मी विचारलं, मग काय वाचलंस?

"कानी मेंढीला जुळी झाली. एक पांढरं, एक काळ्या तोंडाचं. दोन्ही उभी राहून दूध पिऊन राहिली. असं वाचलं. आई लई दिवसांनी हसली." मग भांडी उचलून आत गेलीस. मी निघेपर्यंत बाहेर आली नाहीस, आणि बरोबर केलंस.

कानीला एकच झालं होतं आणि तेही दोन दिवसांत गेलं. तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते. खोटं वाचून दाखवलंस म्हणून मी तुला बोलणार नाही. सोळा वर्षांच्या पोरीवर मी ते ओझं टाकलं, तेही 'एक ओळ गाळू नकोस' असं बजावून. मरणाऱ्या आईपुढं मीही तेच केलं असतं.

पण एक सांगू दे. तुझी आई मला चांगली समजून गेली. शेवटच्या दिवशी तिनं मला निरोप ठेवला म्हणतात, अक्काला म्हणा परत तपासून घे. मला शिव्या द्यायचा तिचा हक्क होता. तो आपण दोघींनी तिच्याऐवजी वापरून टाकला. तू मायेनं, मी कशानं ते तुला माहीत आहे. आता मला कोणी माफ करू शकत नाही. जिला करता आलं असतं तिला कळलंच नाही.

गावातली बाई गेली की मला एक कागद भरावा लागतो. त्यात विचारतात, या आजाराची तपासणी झाली होती का, होय किंवा नाही. मी 'नाही' लिहिलं. उपकेंद्राच्या सिस्टरनं परत पाठवलं. "ताई, कॉम्प्युटरात होय आहे, पद्धत ब्रश, दोष नाही. वेगळं लिहिलं तर ते पुढं जातच नाही." मी सांगितलं कसं झालं ते. तिनं ऐकून घेतलं आणि 'होय' केलं. म्हणजे कागदोपत्री तुझ्या आईची तपासणी झाली आणि ब्रशला काही सापडलं नाही. आरोही, ब्रश चांगला आहे. उद्या तुझ्या हातात कोणी दिला तर घाबरू नकोस, फक्त दाराआड तूच जा. माझं खोटं त्या ब्रशच्या नावावर लागलं, आणि अजून कोणी ते पुसलेलं नाही. मॅडम वर कळवलं म्हणाल्या, तिकडून उत्तर आलं नाही. मला कामावरून काढतील म्हणून रोज वाट बघते. कोणी काढत नाही. उलट सरपंच म्हणाले, पंधरा ऑगस्टला सत्कार करू.

या मंगळवारी पाचही जणींना उपकेंद्रावर बोलावलं. म्हटलं, आधी मी टेबलावर झोपते, तुम्ही बघा, काही दुखत नाही. एकटी कौसाबाई आली आणि पायरीवर बसली. सिस्टरनं मला तपासलं. व्हिनेगर थंड लागतं, थोडं झोंबतं, मिनिटभरात होतं. मला काही नाही. तुझ्या आईचा निरोप पाळला.

बाहेर येऊन कौसाबाईजवळ बसले. ती खाली बघत म्हणाली, "ताई, मला महिना झाला अंगावरून जाऊन राहिलं. वास बी येतो."  मी तिचा हात धरला. सांगितलं, चंदाचं असंच सुरू झालं होतं. मिनिटभराचं काम आहे, मी आत तुझ्याजवळ उभी राहते. ती दाराकडे बघत राहिली. टेबल दिसत होतं, सिस्टर हातमोजे बदलत होती.

मग तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि माझा हात हळूच सोडवला. "तुमचं झालं न्हवं आता? बराबर निघालं ना?"

म्हटलं, हो.

"मंग माझंबी तुमीच देऊन टाका की, ताई. तुमी का परक्या हाय?" आणि शेळ्या सोडायची वेळ झाली म्हणून उठून गेली.

येत्या मंगळवारी सकाळी मी परत तिच्या दारात जाणार आहे. ती मला चहा करेल आणि पेटीतला कागद काढून दाखवेल.

निता
(मोठी माय म्हणायचं का, ते तू ठरव.)